मल्लाप्पांच्या शेतातला लाल ठिपका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमेलच असं नाही. फजिती माझी आहे, पण तिच्यात एक माणूस मेलेला आहे, आणि मेल्यानंतर त्याला जेवढा म्हणून त्रास झाला तो सगळा मी दिलेला आहे.

गुपित शेवटपर्यंत दाबून ठेवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या नकाशावर ज्या ठिपक्याला मी उसाचा रोग समजले, तिथं मल्लाप्पा होते. म्हणजे जमिनीखाली. सीमेकडच्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, माती देतात. आणि पुष्कळ घरांत ती स्वतःच्याच शेतात देतात. गडहिंग्लजच्या बाजूला हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मला नव्हतं. मी कोल्हापूर शहरात वाढले. शहरात त्यांची दफनभूमी वेगळी असते, एवढीच माझी माहिती. शेतीची पदवी घेतली, त्यावर उपग्रहाच्या चित्रांचं शिक्षण घेतलं, पण उसाच्या मधोमध कुणाचे वडील असू शकतात, हे कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नाही. आणि विचारायचं मला सुचलं नाही. तेवढा धीर कुणाला होता?

आता माझं काम काय, ते ऐका. राजारामपुरीत आमची छोटीशी कंपनी आहे. उपग्रह दर थोड्या दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातो आणि शेतांची चित्रं पाठवतो. पीक निरोगी असेल तर नकाशावर हिरवं, दमलेलं असेल तर पिवळं, आणि गेलंच असेल तर लाल. नकाशावरचा एक चौकोन म्हणजे साधारण एक गुंठा. मी दिवसभर हे गुंठे बघत बसते. जिथं लाल दिसेल त्या शेतकऱ्याला कळवायचं, की बाबा रे, तुझ्या डोळ्यांना दिसायच्या आधी आम्हाला दिसलंय, पळ.

ऑफिसचा नियम असा: लाल दिसलं की आधी शेतावर जायचं, डोळ्यांनी बघायचं, मग संदेश पाठवायचा. आमचे सर हा नियम रोज सांगत. मला तो नियम म्हणजे गुन्हा वाटायचा. आदल्या हंगामात एका गावात असंच लाल दिसलं होतं. आम्ही नियमाप्रमाणे गाडीची वाट बघितली, माणसाची वाट बघितली, आणि पोचलो तेव्हा शेतकरी बांधावर बसून उसाचं चिपाड दाखवत होता. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघू शकले नाही. त्या दिवशी ठरवलं: रोग आपली वाट बघत नसेल तर आपण कुणाची बघायची?

तर एका सकाळी गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावात लाल ठिपका दिसला. हिरव्यागार उसाच्या बरोबर मध्ये. आधीच्या चित्रात नव्हता. आणि नुसता ठिपका नाही, रस्त्यापासून त्या ठिपक्यापर्यंत एक पिवळी रेघ. रोग रस्त्यानं आला होता, बांध ओलांडून आत शिरला होता, आणि मध्यावर ठाण मांडून बसला होता.

प्रत्यक्षात काय झालं होतं? मल्लाप्पांनी जिवंतपणीच विहिरीजवळची जागा दाखवून ठेवली होती. तिथं त्यांना न्यायला घरच्यांनी ऊस तोडून वाट केली होती. मध्ये माणसांना उभं राहायला तीन-चार गुंठे मोकळे केले होते. नंतर भेटायला येणाऱ्यांच्या पायांनी कडेचा ऊस आडवा झाला होता. म्हणजे उपग्रहाला दिसली ती एक अंत्ययात्रा. मला दिसली लाल कूज.

लाल कूज हा फार वाईट रोग. कांडं आतून लाल पडतं, आंबूस वास सुटतो, औषध लागू पडत नाही. बेटं मुळासकट खोदायची आणि जाळायची, दुसरा उपाय नाही. आणि तशा उसाचं बेणं कुणी लावलं तर रोग त्याच्याही शेतात.

नकाशावर शेताला हात लावला की मालकाचं नाव आणि नंबर येतो. मल्लाप्पा. मी फोन लावला.

"मल्लाप्पा आहेत का?"

"कोन बोलतंय?" पलीकडून तरुण आवाज आला. हा त्यांचा मुलगा बसगोंडा.

"मी कोल्हापूरहून बोलतेय. मल्लाप्पांशी बोलायचं होतं."

"अप्पा शेतात हायत."

"बरं. मग शेतातून आले की..."

मला वाटलं रेंज गेली.

"आता न्हाई येत ती," तो म्हणाला.

"हरकत नाही, मीच शेतात जाऊन भेटते. उद्या चालेल?"

"चालतंय की. या. सगळीच येऊन जात्यात."

त्याला वाटलं, लांबची कुणी ओळखीची, जरा विचित्र बोलणारी, पण भेटायला येतेय. मला वाटलं, काय शेतकरी आहे हा, दिवसरात्र शेतात राहतो. अशा माणसाचा ऊस आपण वाचवलाच पाहिजे.

आणि उद्यापर्यंत थांबवेना म्हणून मी गावाच्या ग्रुपवर संदेश टाकला. मालकाचं नाव आपोआप येतं, पुढचं आपण लिहायचं. मी लिहिलं:

"मल्लाप्पा. गंभीर रोगाची लक्षणे. आजूबाजूला पसरण्याचा मोठा धोका. बाधित भाग मुळासकट खोदून काढावा व जाळावा. संपर्कात आलेल्यांनी हात व कपडे स्वच्छ धुवावेत. येथून काहीही बाहेर नेऊ नये. उद्या आमचा माणूस येत आहे."

वाचून बघा पुन्हा. यात ऊस हा शब्द कुठं आहे का? नाही. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर उसाबद्दल लिहिताना ऊस काय लिहायचा, असं मला वाटलं. शेवटचं वाक्य तर मी स्वतःवर खूश होऊन लिहिलं होतं.

आता त्या गावाच्या जागी स्वतःला ठेवा. माणूस आठवड्यापूर्वी गेला, चांगला चालता बोलता, छातीला हात लावला आणि गेला. निम्म्या गावानं त्याला हात लावला, खांदा दिला. आणि आज कोल्हापूरहून लेखी निरोप येतो: मल्लाप्पा, गंभीर रोग, खोदा आणि जाळा. कोरोनातलं सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर होतंच.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती पूर्ण तयारीनं. रोगाचे जंतू आपल्या पायांतून दुसऱ्या शेतात जाऊ नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हातात मोजे. स्कूटरवर धूळ फार म्हणून तोंडाला मास्क. आणि मातीचा नमुना घ्यायचं लोखंडी गिरमिट पाठीला बांधलेलं. त्या अवतारात मी दूध संस्थेसमोर उतरले तेव्हा सकाळचं दूध घालायला आलेली माणसं एकदम भिंतीला लागली. मला वाटलं, वाट करून देतायत.

संस्थेचे चेअरमन दत्तूतात्या पुढं आले. शिक्षणानं बेताचे, पण गावाला उपग्रहाची योजना त्यांनीच घ्यायला लावली होती. तेही दोन हात लांब थांबले.

"रातभर गावात कुनाला झोप न्हाई म्याडम. बाया रडाय लागल्यात."

"रडून काय होणार तात्या? हालचाल करा."

"म्हंजी हाय म्हनता? खरंच?"

"मी मागच्या बैठकीत काय सांगितलं होतं?"

"आपल्या डोळ्यावर भरवसा ठिवू नका म्हनला हुता. उपग्रह खोटं बोलत न्हाई म्हनला हुता."

"मग?"

तात्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "खरं, जाळायलाच पायजे का? त्यांच्यात जाळत न्हाईत की."

इथं मी भडकले. रोगालासुद्धा यांनी जात चिकटवली. "तात्या, कुणाच्यात काय करतात याच्याशी रोगाला देणंघेणं नाही. सगळ्यांचं जाळायचं. उद्या माझ्या घरचं असतं तरी मी स्वतःच्या हातानं जाळलं असतं."

"तुमच्यात जाळत्यातच की," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"किती खोल गेलंय?" मी विचारलं.

"पुरुषभर."

उसाची लागण एवढी खोल कोण करतं, असं क्षणभर मनात आलं. पण माझ्याकडे वेळ नव्हता. "मग तेवढं खोदा. तुकडासुद्धा राहता कामा नये."

एक जण पुढं आला, शंकर नावाचा, मल्लाप्पांचा शेजारी. तोंड पांढरं पडलेलं. "म्याडम, मी हात लावलाय. अंघूळ मीच घातली. मला काय हुतंय?"

उसाला पाणी पाजण्याला हा माणूस लाडानं अंघोळ म्हणतोय, असं मी समजले. खरंच सांगते. तुमची समजूत एकदा ठरली की तिच्यात काहीही बसतं. "साबणानं हात धुवा," मी म्हणाले, "कपडे उकळत्या पाण्यात टाका. आणि दहा-बारा दिवस दुसऱ्या कुणाच्या शेतात पाऊल टाकू नका."

"आनि घरात?"

"घरात बसा."

तात्या जवळ न येता पुढं वाकले. "तुमी लिवल्यापास्नं त्यांच्या घरचं काय घेत न्हाई आमी. काल सांजचं बी न्हाई, आज सकाळचं बी न्हाई."

बेणं घेत नाहीत, असं मला वाटलं. "अगदी बरोबर केलंत," मी म्हणाले.

संस्थेच्या पायरीखाली एक दुधाची किटली एकटीच ठेवलेली होती, झाकण घट्ट लावलेली. ती मी बघितली आणि पुढं गेले.

"जेसीबी सांगितलाय," तात्या म्हणाले, "खरं डायवर याला तयार न्हाई."

"द्या फोन."

डायवरला मी जे सुनावलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. तुमच्यासारख्यांमुळेच गावं मागं राहतात, म्हणाले. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्याडम, मी हिरी काढल्यात, पाया काढलाय. ह्ये काम कवा केलं न्हाई." मी म्हणाले, कधीतरी सुरुवात करावीच लागते.

बसगोंडा आणि त्याची आई शेतातच आहेत असं कळलं. त्यांची वाट बघत बांधावर कोण थांबणार? फोनवर ठिपक्याची खूण लावली आणि उसात घुसले. तोडलेली वाट पलीकडच्या अंगानं होती. मी आपली सरळ उभ्या उसातून, पात्यांनी तोंड कापून घेत, फोनकडे बघत.

आणि एकदम मोकळ्यात आले.

मध्ये ताज्या मातीचा उंचवटा. त्यावर सुकलेला झेंडू. माझी कळी खुलली. झेंडूनं जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात, म्हणजे मालक जाणकार आहे. मातीत पांढरे खडे दिसले. चाखून बघितलं. हो, चाखून. मीठ. म्हणजे जमीन क्षारपड व्हायला लागलीय. वर राखाडी भुकटी पसरलेली, म्हणजे कुणीतरी आधीच काहीतरी उपाय करून बघितलाय. एका मिनिटात माझी तीन निदानं झाली आणि तिन्ही निदानं म्हणजे त्या माणसाचे अंत्यसंस्कार होते: वाहिलेली फुलं, माती देताना टाकलेलं मीठ आणि भस्म.

मी उंचवट्यावर चढले, गिरमिट टेकवलं आणि फिरवायला लागले. माती भुसभुशीत, सरसर खाली जात होतं. एका हातानं ग्रुपवर आवाजी संदेशही टाकला: "मी जागेवर पोचलेय. खोदायला सुरुवात केलीय. माती मऊ आहे, काही अडचण येणार नाही. मीठ सापडलंय."

तो संदेश दूध संस्थेसमोर मोठ्या आवाजात लावून सगळ्यांनी ऐकला, असं मला नंतर कळलं.

हातभर गेलं असेल तेवढ्यात मागून आवाज आला.

"पोरी, आदी बूट तरी काढ."

वळून बघितलं. एक म्हातारी बाई, कपाळावर कुंकू नाही, नुसते भस्माचे पट्टे. हातात निरांजन. ही बसगोंडाची आई, अव्वा. मागं बसगोंडा, कळशी घेऊन.

मी खाली बघितलं. बुटाशेजारी विझलेली पणती होती. बेलाची पानं होती. उंचवट्याच्या एका टोकाला दगड रोवलेला होता आणि त्याला भगवा धागा बांधलेला होता. सगळं आधीपासून तिथंच होतं. दिसलंही होतं. मी ते वाचलं नव्हतं एवढंच.

बसगोंडा शांतपणे म्हणाला, "ह्ये आमचं अप्पा. तुमी भेटाय येतो म्हनला हुतासा न्हवं?"

खाली उतरताना माझा एक बूट मातीत रुतून राहिला. तो काढायचा तर पुन्हा मल्लाप्पांच्या अंगावर पाय द्यायला हवा. मी तशीच एका पायात बूट घालून उभी राहिले. मास्क, मोजे, आणि समोर गिरमिट ताठ उभं. सांगा आता, यावर माणूस काय बोलणार? मी म्हणाले, "सॉरी, मला वाटलं ऊस आहे."

अव्वानं गिरमिट स्वतः उपटून काढलं. मातीचं भोक तळव्यानं बुजवलं, थापटलं, जसं लहान पोराला थापटतात. मग म्हणाली, "तुज्या उपग्रहाला वरनं समदं दिसतंय म्हनं."

मी मान हलवली.

"मग त्यो हितं छातीला हात लावून बसला हुता तवा का न्हाई बघितलं? तासभर बसला हुता. आमी घरात."

तेवढ्यात रस्त्याकडून जेसीबीचा आवाज आला.

माझं भाषण फळाला आलं होतं.

मी तोडलेल्या वाटेनं एका बुटावर पळत सुटले. बांधावर जेसीबी, त्याच्यामागं दत्तूतात्या, त्यांच्यामागं निम्मं गाव, नाकाला टॉवेल लावून. मी पात्याच्या पुढं दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"थांबा. तिथं रोग नाही. तिथं मल्लाप्पांना माती दिलीय."

"ते आमाला म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "आमीच दिलीया. रोग कुठला त्ये सांगा."

मी सांगितलं. सगळं. रोग उसाचा, तोही नाहीच, मोकळी जागा बघून माझी चूक झाली. लोक ऐकत होते आणि एकमेकांकडे बघत होते. चेहऱ्यांवर एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती: म्याडमना घरच्यांनी गप बसवलंय.

"काल लेखी दिला, आज न्हाई म्हनताय," शंकर म्हणाला. "उपग्रह खोटं बोलत न्हाई ना?"

"उपग्रह खोटं बोलत नाही. मी खोटं बोलले. म्हणजे, मला कळलं नाही."

"तिथं काय हाय ते बघा की डोळ्यांनी," बसगोंडा मागून म्हणाला.

"डोळ्यावर भरवसा ठिवू नका म्हनल्यात ह्या," कुणीतरी त्याला ऐकवलं.

तरीही तात्या जरा सैल पडत होते. तेवढ्यात सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम वाजले.

झालं होतं असं, की दोन दिवसांपूर्वीचं चित्र कार्यालयात नुकतंच पोचलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी कडेचा ऊस आणखी तुडवला होता. लाल चौकोन वाढले होते. आणि एकदा रोग म्हणून नोंद केली की पुढचे संदेश कुणाला न विचारता जातात. संदेश होता: "मल्लाप्पा. प्रसार वाढत आहे. तातडीने उपाय करा."

जेसीबीचा डायवर पहिला हलला. त्यानं गाडी मागं घेतली. "पाया काढायचा असला तर सांगा, येतो," म्हणाला आणि गेला. त्यामुळे मल्लाप्पा वाचले. मी वाचवले नाहीत, लक्षात घ्या. भीतीनं वाचवले.

पण घर तसंच वाळीत पडलेलं राहिलं. संध्याकाळी बसगोंडा दूध घेऊन गेला आणि तसाच परत आला. मग अव्वानं म्हशीखाली बसायचंच सोडलं, म्हणाली, पिळून गटारीत ओतायचं तर तिच्या अंगात राहू दे. दिवसकार्य तोंडावर आलेलं. त्या दिवशी पंगतीला गाव येणार नाही हे कुणी बोलत नव्हतं, पण घरात तेवढंच एक वाजत होतं. नवरा गेला ते तिनं सोसलं होतं. त्याच्या नावचं जेवण कुत्र्यांना घालायला लागेल, हे तिला सोसणार नव्हतं.

मी सरांना फोन करून सगळे संदेश बंद करायला लावले. सर एवढंच म्हणाले, "शेतावर आधी गेली असतीस तर?" मी म्हणाले, "शेतावरच आहे."

"आता काय इलाज?" बसगोंडानं मला विचारलं. इलाज मला एकच सुचला. अव्वाला म्हणाले, मी इथं राहते. तुमच्यातलं खाते, तुमचंच दूध पिते. सगळ्यांसमोर. मला काही झालं नाही तर लोकांना पटेल.

"आनि झालं तर?" अव्वा म्हणाली. माझ्या तब्येतीची मला नाही, तिला काळजी होती. म्हणजे माझ्या तब्येतीची नाही, त्यानंतर गाव काय म्हणेल याची.

दुसऱ्या सकाळी दूध संस्थेसमोर, अव्वानं माझ्यापुरतं काढलेलं धारोष्ण दूध मी पेलाभर प्याले. कोल्हापूरची असून मला दूध आवडत नाही, हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही. शंभर डोळे माझ्या गळ्याकडे. पेला रिकामा झाला तरी कुणी हललं नाही. फक्त बघत राहिले.

आणि मग सुरू झाली माझी पाहणी. मी बसगोंडाच्या कट्ट्यावर बसलेली, आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी रस्त्यावरून, बऱ्याच लांबून, माझा रंग बघून जायचं.

"पिवळी दिसतीया जरा."

"कालच्यापरास उतरलीया."

"कडंनं सुकाय लागलीया बघ."

मी ओरडून सांगायचे, मी रात्री झोपले नाही म्हणून तशी दिसतेय. पण लांबून बघणाऱ्याला कारण थोडंच दिसतं? त्याला रंग दिसतो. एक म्हातारी दिवसातून दोनदा यायची, बांधाआड थांबून निरखायची आणि जाऊन सगळ्यांना सांगायची. जवळ येऊन, बाई, तुला काय होतंय, असं तिनं एकदाही विचारलं नाही. मी तिच्यावर चिडायचे आणि चिडता चिडता गप्प व्हायचे. माझं कामच ती करत होती.

शेवटी मी मरत नाही, याचा गावाला कंटाळा आला. आधी शंकर आला. उंबऱ्यात उभा राहिला, मग आत आला, आणि अव्वाच्या पायाशी बसून रडला. मग तात्या स्वतः येऊन किटली घेऊन गेले. दिवसकार्याला माणसं आली. सगळी नाही. दोन पंगती उठल्या, तिसरीसाठी केलेलं उरलं. अव्वा ते उरलेलं बघत बराच वेळ चुलीपाशी बसली. मी वाढायला होते, अनवाणी. ते उरलेलं अन्न माझ्यामुळे उरलं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

निघताना मी बसगोंडाला शब्द दिला, की माझ्याकडून अप्पांच्या नावानं परत एक अक्षर येणार नाही. ऑफिसात जाऊन स्वतः खात्री केली. रोगाचे, किडीचे, पाण्याचे, त्या शेताचे सगळे इशारे बंद.

पुढं काही महिने गेले. मल्लाप्पांच्या भोवती गवत उगवलं. बसगोंडानं बेलाचं रोप लावलं, मोकळ्या जागेत भाजी केली. उपग्रह गेला, त्यानं बघितलं, लाल होतं तिथं आता हिरवं.

आता मला सांगा, आजाराचे इशारे बंद करताना, बरं झाल्याचा निरोपही बंद करायला हवा, हे कुणाच्या डोक्यात येईल?

गावाच्या ग्रुपवर सकाळी सकाळी संदेश पडला: "अभिनंदन. मल्लाप्पा. प्रकृतीत समाधानकारक सुधारणा. आता काळजीचे कारण नाही."

पाठोपाठ माझा फोन वाजला. बसगोंडा. उचलला. मागं म्हशीचा आवाज येत होता.

"बसगोंडा, ऐका ना, ते आपोआप..."

"न्हाई, न्हाई, तसं काय न्हाई म्याडम," तो म्हणाला. "अव्वा इचारतीया. बरं वाटतंय म्हनताय, तर डिस्चार्ज कवा देतासा?"